हितैषी अधिकारशाही व्यवस्थापन

हितैषी अधिकारशाही व्यवस्थापन ही संस्था चालवण्याची एक पद्धती आहे. या पद्धतीत वरिष्ठांचे कर्मचाऱ्यांशी वागणे आपुलकीचे असते आणि त्यांच्या सुखसोयींची काळजी वाहिली जाते. परंतु कामाविषयीचे महत्त्वाचे निर्णय वरच्या पायरीवरच होतात आणि आदेशाच्या किंवा सूचनेच्या रूपाने खाली येतात. अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट (१९०३–१९८१) यांनी व्यवस्थापनाचे जे चार प्रकार मांडले, त्यांतील हा दुसरा प्रकार होय. गिरण्या-कारखान्यांच्या काळातील ‘मायबाप मालक’ हे या पद्धतीचे जुने रूप आहे. एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारणाऱ्या, वाढदिवस साजरे करणाऱ्या आणि तरीही प्रत्येक निर्णयासाठी चार पायऱ्या वर विचारावे लागणाऱ्या आजच्या अनेक कंपन्या तिचे नवे रूप मानल्या जातात.

या पद्धतीविषयीचा मुख्य वाद मालकाच्या चांगुलपणाच्या खरेखोटेपणाचा नाही. अनेक ठिकाणी तो खराच होता. दिलेली सवलत ही मेहेरबानी आहे की हक्क, आणि ती बंद झाल्यास कर्मचाऱ्याला कोणाकडे दाद मागता येते, हा या वादाचा गाभा आहे.

संज्ञा

लिकर्ट हे मिशिगन विद्यापीठाच्या सामाजिक संशोधन संस्थेचे पहिले संचालक होते. सर्वेक्षणांत सर्रास वापरली जाणारी ‘लिकर्ट मापनश्रेणी’ त्यांच्याच नावाची आहे. ‘न्यू पॅटर्न्स ऑफ मॅनेजमेंट’ (१९६१) या ग्रंथात त्यांनी शोषक अधिकारशाही, हितैषी अधिकारशाही, सल्लामसलतीची पद्धती आणि सहभागाची पद्धती असे चार प्रकार सांगितले. ‘द ह्यूमन ऑर्गनायझेशन’ (१९६७) या पुढच्या ग्रंथात त्यांनाच ‘सिस्टिम १’ ते ‘सिस्टिम ४’ असे क्रमांक दिले. त्यामुळे व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हितैषी अधिकारशाहीचा उल्लेख पुष्कळदा नुसता ‘सिस्टिम २’ असाही आढळतो.

समाजशास्त्रात व इतिहासलेखनात याच्या जवळची ‘औद्योगिक पितृभाव’ ही संज्ञा रूढ आहे. दोहोंत थोडा फरक आहे. पितृभाव ही संज्ञा मालक-कामगार नात्याला उद्देशून वापरली जाते आणि तिच्यात घर, शाळा, दवाखाना, बाजार असे कारखान्याबाहेरचे जीवनही येते. लिकर्ट यांची संज्ञा संस्थेच्या आतील कारभारापुरती आहे. निर्णय कोण घेतो, माहिती कोणत्या दिशेने वाहते आणि माणसे कशाच्या आशेने किंवा धाकाने काम करतात, हे ती पाहते.

स्वरूप

लिकर्ट यांच्या मांडणीनुसार या प्रकारात वरिष्ठांचा कनिष्ठांवर विश्वास असतो, पण तो धन्याचा नोकरावर असतो तशा जातीचा. प्रोत्साहनासाठी मुख्यतः बक्षिसे वापरली जातात. शिक्षा क्वचित होते, मात्र तिची शक्यता सर्वांच्या मनात असते. धोरण वर ठरते. खालच्या स्तरावर काही निर्णय होतात, पण वरून आखून दिलेल्या चौकटीत. माहिती बहुतांशी वरून खाली येते. खालून वर जाणारी माहिती साहेबांना काय ऐकायला आवडेल, याच्या चाळणीतून जाते.

पहिल्या प्रकारापासून, म्हणजे उघड धाकदपटशाच्या कारभारापासून, हा प्रकार ओळखणे सोपे असते. तिसऱ्या, म्हणजे सल्लामसलतीच्या प्रकारापासून तो वेगळा करणे अवघड जाते, कारण सभा, सूचनापेट्या, अभिप्रायाचे अर्ज आणि ‘दार नेहमी उघडे आहे’ असे आश्वासन दोन्हींत असते. सभेत मांडलेल्या मतामुळे एखादा निर्णय बदलल्याचे उदाहरण सापडते का, ही त्यांतल्या त्यात उपयोगी कसोटी होय. हितैषी अधिकारशाहीत सभा बहुधा निर्णय झाल्यानंतर भरते. तिचा हेतू तो समजावून सांगणे हा असतो, आणि समजावणे पुष्कळदा मनापासून व सौजन्याने केलेले असते.

अशा संस्थेत विरोध करणे कठीण जाते. कठोर वरिष्ठाविरुद्ध कामगार एकत्र येतात. मुलीच्या लग्नाला अहेर घेऊन आलेल्या, आजारपणात रुग्णालयाचे बिल भरलेल्या साहेबाविरुद्ध तोंड उघडणे कृतघ्नपणाचे वाटते. मराठीत यासाठी ‘मिंधेपणा’ हा नेमका शब्द आहे.

पूर्वपीठिका

न्यू लॅनार्क. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथील सूतगिरण्यांचा कारभार रॉबर्ट ओवेन (१७७१–१८५८) यांनी १८०० साली हाती घेतला. दहा वर्षांखालील मुलांना कामावर घेणे त्यांनी थांबवले, रास्त भावाचे दुकान चालवले आणि १८१६ मध्ये शाळा व सभागृह असलेली ‘चारित्र्य घडविणारी संस्था’ उघडली. अमेरिकेने १८०७ अखेर लादलेल्या व्यापारबंदीमुळे कापसाचे भाव भडकले, तेव्हा गिरण्या सुमारे चार महिने बंद ठेवाव्या लागल्या. या काळात ओवेन यांनी कामगारांना पूर्ण वेतन दिले. त्यासाठी सुमारे ७,००० पौंड खर्च आला. गावकऱ्यांचा त्यांच्यावर विश्वास बसला तो यानंतर, असे ओवेन यांनीच आत्मचरित्रात नमूद केले आहे.

याच गिरण्यांत ‘मूक निरीक्षक’ नावाचे साधन होते. प्रत्येक कामगाराजवळ चार बाजूंना काळा, निळा, पिवळा आणि पांढरा रंग दिलेला लाकडाचा एक छोटा ठोकळा टांगलेला असे. आदल्या दिवशीचे वर्तन वाईट असल्यास काळी बाजू पुढे येई, उत्तम असल्यास पांढरी. या रंगांची नोंद वहीत रोज होई. शिवीगाळ नाही, मारहाण नाही. ओवेन गिरणीतून फेरी मारत आणि केवळ ठोकळ्याकडे पाहत. पर्यवेक्षकाच्या निर्णयाविरुद्ध तक्रार करण्याची मुभा कामगाराला होती. त्या काळच्या इतर गिरण्यांच्या तुलनेत ही व्यवस्था निःसंशय मानवी होती. परंतु कोणते वर्तन पांढऱ्या रंगाचे, हे ठरवण्यात ज्यांच्या डोक्यावर ठोकळा टांगलेला होता त्यांचा वाटा नव्हता.

पुलमन. रेल्वेचे शयनयान डबे बनवणारे उद्योगपती जॉर्ज पुलमन यांनी १८८० पासून शिकागोच्या दक्षिणेस कामगारांसाठी स्वतःच्या नावाचे गाव वसवले. पक्की घरे, नळाचे पाणी, गॅस, उद्याने, ग्रंथालय, नाट्यगृह अशा सोयी तेथे होत्या. मात्र घर विकत घेता येत नसे. गुंतवणुकीवर ६ टक्के परतावा मिळावा या हिशेबाने भाडे ठरे आणि भाडेकरार दहा दिवसांच्या सूचनेने संपवता येई. गावात नगरपालिकेसारखी निवडलेली संस्था नव्हती, कंपनीने नेमलेला प्रतिनिधी कारभार पाही. चर्चची सुंदर इमारत बांधली होती, पण तिचेही भाडे इतके होते की ती बराच काळ रिकामी राहिली. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड इली यांनी १८८५ साली लिहिलेल्या लेखात गावाच्या टापटिपीची प्रशंसा केली, आणि ही व्यवस्था अमेरिकन लोकशाहीशी विसंगत असून एक प्रकारची सदिच्छ सरंजामशाही आहे, असा निष्कर्षही काढला.

१८९३ च्या मंदीत या व्यवस्थेची परीक्षा झाली. कंपनीने वेतनात सरासरी सुमारे २५ टक्के कपात केली, परंतु घरभाडे कमी केले नाही. भागधारकांना लाभांश मिळत राहिला. वेतन देणारा आणि भाडे घेणारा मालक एकच असल्याने कामगारांच्या हाती उरणारी रक्कम काही घरांत नाममात्र राहिली. मे १८९४ मध्ये कामगारांचे शिष्टमंडळ कंपनीला भेटले. त्यातील तीन सदस्यांना लगेचच कामावरून कमी करण्यात आले आणि ११ मे रोजी संप सुरू झाला. युजीन डेब्स यांच्या अमेरिकन रेल्वे युनियनने पुलमन डब्यांवर बहिष्कार घातला तेव्हा देशभरातील रेल्वे वाहतूक विस्कळीत झाली. राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी केंद्रीय सैन्य पाठवले. हिंसाचारात अनेकजण मृत्युमुखी पडले आणि संप मोडला. इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये उत्पादनासाठी आवश्यक नसलेली गावातील मालमत्ता विकण्याचा आदेश कंपनीला दिला. जॉर्ज पुलमन त्याच्या आदल्या वर्षी वारले होते.

ओवेन आणि पुलमन यांच्या स्वभावांतील फरकाकडे बोट दाखवून पुष्कळ लेखक थांबतात. पण दोन्ही गावांत कामगाराचे स्थान एकच होते. कठीण काळात वेतन मिळेल की कपात होईल, हे त्याला मालकाच्या स्वभावावरूनच ताडावे लागे.

फोर्ड. फोर्ड मोटर कंपनीने जानेवारी १९१४ मध्ये आठ तासांच्या दिवसाला पाच डॉलर ही योजना जाहीर केली. आदल्या वर्षी कामगारांच्या गळतीचे प्रमाण ३७० टक्क्यांवर गेले होते, म्हणजे एक जागा वर्षभर भरलेली ठेवण्यासाठी जवळजवळ चार माणसे घ्यावी लागत. पाच डॉलरपैकी मूळ वेतन निम्म्याहून कमी होते. उरलेला भाग ‘नफ्यातील वाटा’ म्हणून दिला जाई आणि तो मिळण्यासाठी कामगाराचे राहणीमान कंपनीच्या कसोटीला उतरावे लागे. यासाठी स्थापन केलेल्या समाजशास्त्रीय विभागाचे निरीक्षक घरी जाऊन स्वच्छता, बचत, दारूचे व्यसन, घरात भाडेकरू ठेवले आहेत काय, याची चौकशी करत. हेतू कल्याणाचा सांगितला जाई आणि अनेक कुटुंबांचे त्याने भलेही झाले. पण पगार मिळण्यासाठी स्वयंपाकघर दाखवावे लागणे अनेकांना अपमानास्पद वाटले. १९२१ च्या सुमारास हा विभाग गुंडाळण्यात आला.

जपान. कानेगाफुची कताई कंपनीत मुतो सांजी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कंपनी हे कुटुंब मानणारी पद्धती रुजवली. सूचनापेटी, कंपनीचे स्वतःचे वृत्तपत्र, परस्पर साहाय्य निधी हे उपक्रम तेथे लवकर सुरू झाले आणि देशभर नावाजले गेले. मुतो १९३० साली निवृत्त झाले आणि त्याच वर्षी मंदीमुळे कंपनीने भत्त्यांत कपात केली. तेव्हा याच ‘कुटुंबात’ मोठा संप झाला.

भारतातील उदाहरणे

भारतात या पद्धतीची सुरुवातीची उदाहरणे कापड व पोलाद उद्योगांत आढळतात. जमशेटजी टाटा यांची नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच वर्षी तेथील विणकरांनी मजुरीच्या दरावरून केलेला संप भारतातील सर्वांत जुन्या नोंदलेल्या संपांपैकी एक मानला जातो. पुढे बेझनजी मेहता यांच्या व्यवस्थापनाखाली या गिरणीत हवा खेळती ठेवण्याची व दमटपणा राखण्याची यंत्रणा आली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी सुरू झाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई दिली जाऊ लागली. अपघाताच्या भरपाईचा कायदा देशात १९२३ साली, म्हणजे २८ वर्षांनी झाला.

जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस, १९१५ मध्ये मोफत वैद्यकीय मदत आणि १९२० मध्ये भरपगारी रजा व भविष्यनिर्वाह निधी लागू झाला. याही सवलती कायद्याच्या पुष्कळ आधीच्या आहेत. तरीही १९२०, १९२२ आणि १९२८ साली तेथे मोठे संप झाले. १९२८ च्या संपाच्या तडजोडीत सुभाषचंद्र बोस यांनी पुढाकार घेतला होता. संपांची कारणे वेतन, कामगारकपात आणि संघटनेला मान्यता ही होती. रुग्णालय व शाळा उत्तम असूनही असंतोष का, असा प्रश्न त्या वेळी विचारला गेला आणि हितैषी कंपन्यांत तो आजही विचारला जातो. दवाखाना मिळाल्याने कामावरून कमी केल्याची दाद लागत नाही, हे त्याचे साधे उत्तर आहे. १९५६ साली कंपनी व टाटा वर्कर्स युनियन यांच्यात झालेल्या कराराने संयुक्त विचारविनिमयाची मंडळे स्थापन झाली, तेव्हा या कारखान्याचा कारभार लिकर्ट यांच्या तिसऱ्या प्रकाराकडे सरकला असे म्हणता येते.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण किर्लोस्करवाडीचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. हक्काची बढती डावलून ती अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला दिली गेल्यामुळे त्यांनी नोकरी सोडली. बेळगावातील सायकलचे दुकान, कडबाकापणी यंत्र, लोखंडी नांगर असा प्रवास करत १९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर त्यांनी कारखाना व वसाहत उभारली. ही जागा आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. वसाहतीची स्वच्छता, पाणी, शाळा, वाचनालय यांकडे मालक मंडळी घरच्यासारखे लक्ष देत. १९२० मध्ये येथून ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक सुरू झाले आणि शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ते मराठीतील एक प्रमुख मासिक बनले. किर्लोस्करवाडीविषयीच्या लेखनात आदर व कृतज्ञता ओतप्रोत आहे. बहुतेक औद्योगिक वसाहतींचा इतिहास असा वसवणाऱ्यांच्या बाजूने लिहिला गेला असल्यामुळे तेथे नोकरी करणाऱ्यांचा दैनंदिन अनुभव त्यांतून थोडाच हाती लागतो.

याउलट मुंबईच्या गिरण्यांत साप्ताहिक सुट्टीसारखी साधी गोष्टही मागून घ्यावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी अर्ज, सभा व सह्यांची मोहीम चालवली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मान्य झाली. इतर गिरण्यांतील अनेक सवलती मालक बदलताच गेल्या, ही सुट्टी मात्र सर्वांसाठी राहिली.

हारवूडचा प्रयोग

सौजन्याने समजावून सांगणे आणि निर्णयात सहभागी करून घेणे यांत प्रत्यक्ष फरक पडतो का, याचा सर्वाधिक उद्धृत केला जाणारा अभ्यास लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच यांनी १९४८ साली प्रसिद्ध केला. व्हर्जिनियातील मेरियन येथील हारवूड कंपनीच्या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यात तो झाला. हा कारखाना कामगारांशी उदारपणे वागणारा म्हणून ओळखला जाई. परिचारिका, कामाच्या वेळी संगीत, करमणुकीचे कार्यक्रम अशा सोयी होत्या. तरीही कामाची पद्धत बदलली की उत्पादन घसरे, तक्रारी वाढत आणि बाया नोकरी सोडून जात.

संशोधकांनी चार गट घेतले. पहिल्या गटात हाताने इस्त्री करणाऱ्या १८ जणी होत्या. त्यांच्या कामातील बदल अगदी किरकोळ होता. अर्धा डझन कपड्यांचे गठ्ठे पुठ्ठ्यावर रचण्याऐवजी खोक्यात रचायचे होते. या गटाला कारखान्याच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे एकत्र बोलावले गेले, स्पर्धेमुळे बदल का आवश्यक आहे ते सांगितले गेले, मजुरीचा नवा दर नीट समजावला गेला आणि प्रश्नांना उत्तरे दिली गेली. दुसऱ्या गटाने बदल ठरवण्यासाठी आपले प्रतिनिधी निवडले. उरलेल्या दोन लहान गटांत सर्वच जणींनी पद्धत व दर ठरवण्याच्या चर्चेत भाग घेतला.

पहिल्या गटाचे उत्पादन बदलानंतर घसरले ते वर आलेच नाही. पहिल्या चाळीस दिवसांत त्यातील १७ टक्के जणींनी नोकरी सोडली. नवा दर कमी असल्याची तक्रार होती. प्रत्यक्षात तपासणीत तो किंचित सढळच निघाला. प्रतिनिधी असलेल्या गटाने चौदा दिवसांत प्रमाण उत्पादन गाठले. सर्वांचा सहभाग असलेल्या गटांनी त्याहून लवकर गाठले आणि ते ओलांडले. या तिन्ही गटांतून त्या काळात कोणीही नोकरी सोडली नाही. अडीच महिन्यांनंतर पहिल्या गटातील उरलेल्या तेरा जणींना पुन्हा एकत्र करून नवे काम दिले, या वेळी सर्वांच्या सहभागाने. त्याच बायांनी आता झपाट्याने प्रमाण उत्पादन गाठले.

गट लहान होते आणि प्रत्येकाचे काम थोडे वेगळे होते, त्यामुळे या निष्कर्षांवर पुढे आक्षेप घेतले गेले. तरी हितैषी अधिकारशाहीच्या चर्चेत पहिला गट महत्त्वाचा ठरतो. त्याला वाईट वागवले गेले नव्हते. दर सढळ होता, बोलणे आदबीचे होते. फक्त सगळे ठरल्यावर त्यांना बोलावण्यात आले होते.

व्यवस्थापकीय थर आणि मौन

या पद्धतीच्या संस्थांत व्यवस्थापकांचे थर वाढण्याची प्रवृत्ती दिसते. निर्णय वरच व्हायचा तर प्रत्येक बाब वर नेणारी आणि निर्णय खाली आणणारी माणसे लागतात. शिवाय निष्ठेचे बक्षीस म्हणून बढती द्यायची असल्यास बढतीसाठी पदेही निर्माण करावी लागतात. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली ‘द इकॉनॉमिस्ट’मधील प्रसिद्ध विनोदी लेखात ब्रिटिश नौदलाचा दाखला दिला. १९१४ ते १९२८ या काळात मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० वर आल्या, तर नौदल कार्यालयातील अधिकारी २,००० वरून ३,५६९ झाले. लेख थट्टेचा असला तरी आकडे सरकारी होते.

थर वाढले की वर पोहोचणारी माहिती बदलते. बढतीची आकांक्षा असलेले कनिष्ठ आपल्या अडचणी वरिष्ठांपासून अधिक लपवतात, असे विल्यम रीड यांच्या १९६२ मधील अभ्यासात दिसून आले. वाईट बातमी सांगणे माणसे टाळतात, हे सिडनी रोझेन आणि एब्रहॅम टेसर यांनी १९७० मध्ये प्रयोगांनी दाखवले. २००० साली एलिझाबेथ मॉरिसन आणि फ्रान्सिस मिलिकेन यांनी ‘संघटनात्मक मौन’ ही संकल्पना मांडली. बोलून उपयोग नाही किंवा बोलणे धोक्याचे आहे, हा समज संस्थेत सार्वत्रिक झाला की माहिती असलेली माणसेही गप्प बसतात. स्नेहाच्या वातावरणात यात एक भर पडते. भीती नसली तरी कोणाला दुखवायचे नसते. ‘सगळे ठीक आहे’ हा अहवाल मग चार थर चढून वर पोहोचतो, आणि प्रत्येक थरावर त्यातील एखादा ‘पण’ गळालेला असतो.

समर्थन

या पद्धतीचे समर्थन करणाऱ्यांत भारतीय मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांचे काम विशेष उल्लेखनीय आहे. ‘द नर्चरंट टास्क लीडर’ (१९८०) या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की, वडीलधाऱ्यांच्या मार्गदर्शनाची अपेक्षा असलेल्या समाजात एकदम सहभागाची पद्धती आणल्यास तिला नेतृत्वाचा दुबळेपणा समजले जाते. काम नीट करणाऱ्यावर माया करणारा, शिस्त लावणारा नेता तेथे अधिक परिणामकारक ठरतो. मात्र कनिष्ठ अनुभवी झाल्यावर नेत्याने हळूहळू सहभागाकडे वळले पाहिजे, हाही त्यांच्या सिद्धान्ताचा भाग आहे आणि उद्धृत करताना तो बहुधा वगळला जातो. तैवान व चीनमधील कंपन्यांच्या अभ्यासातून फार्ह आणि चेंग यांनी २००० साली ‘पितृभावी नेतृत्वा’ची अधिकार, सहृदयता आणि नैतिक आचरण अशी तीन अंगे मांडली. समाजांतील ‘सत्ता-अंतर’ मोजणाऱ्या गीर्त हॉफस्टेड यांच्या निर्देशांकात भारताला ७७ गुण आहेत, म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठ अंतर स्वाभाविक मानणाऱ्या समाजांत त्याची गणना होते. या आकड्याचा आधार घेऊन ‘आपल्याकडे हेच चालते’ असे सांगितले जाते, परंतु समाजाची सवय नोंदवणारा निर्देशांक ती सवय योग्य असल्याचा पुरावा ठरत नाही.

आणीबाणीच्या प्रसंगी झटपट निर्णय, नवख्यांना मिळणारा आधार आणि नोकरीची स्थिरता हे या पद्धतीचे लाभ तिचे टीकाकारही मान्य करतात.

हक्क आणि सहभाग

विसाव्या शतकात अनेक देशांनी हितैषी मालकांच्या ऐच्छिक सवलती कायद्यात आणल्या. भारतात कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३, कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८, भविष्यनिर्वाह निधी अधिनियम, १९५२ आणि उपदान प्रदान अधिनियम, १९७२ हे त्या वाटेवरचे टप्पे होत. सोयींच्या बाबतीत अशा रीतीने मेहेरबानीचा हक्क झाला. निर्णयातील सहभागाबाबत प्रगती मंद राहिली. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये १०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत कार्यसमित्यांची तरतूद होती. ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ साली राज्यघटनेत अनुच्छेद ४३क समाविष्ट झाला आणि उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागासाठी राज्याने उपाय योजावेत, असे मार्गदर्शक तत्त्व आले. मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयातून अंमलात आणता येत नाहीत. बहुतेक कार्यसमित्यांच्या हाती उपाहारगृह, प्रसाधनगृहे व क्रीडास्पर्धा हेच विषय राहिले.

सहभागाचा एक महत्त्वाचा भारतीय प्रयोग अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये झाला. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ साली तेथील स्वयंचलित मागांच्या विभागात सुटीसुटी कामे करणाऱ्या कामगारांचे छोटे गट करून प्रत्येक गटाकडे काही मागांची पूर्ण जबाबदारी सोपवण्याची कल्पना मांडली. तपशील ठरवण्याआधीच कामगारांनी ती उचलून धरली आणि आपापले गट स्वतःच बनवले. आरंभीच्या अडचणींनंतर उत्पादन वाढले आणि कापडातील दोष घटले. सुमारे सतरा वर्षांनी राइस यांचे सहकारी एरिक मिलर यांनी तेथे पुन्हा पाहणी केली, तेव्हा काही विभागांत गटपद्धती टिकून होती, तर इतर काही विभागांत ती विरून कामकाज पुन्हा पर्यवेक्षकांच्या हाती गेले होते.